नापास व्हायची सोय

निकाल लागले, ॲडमिशनची धावपळ संपत आली आणि दरवर्षीप्रमाणे आमच्या अमडापुरातून बॅगा बाहेर पडायला लागल्या. कोणी चिखलीला, कोणी बुलडाण्याला, कोणी थेट अमरावती नाहीतर पुण्याला. खामगाव-चिखली रस्त्यावर एसटी थांबते, पोरगा चढतो, खालून बाप एवढंच म्हणतो, "नीट राहजो." बस्स. पैशाचं काय, जेवणाचं काय, एखादा विषय राहिला तर काय, यातलं काही बोलणं होत नाही.

कॉलेजात गेल्यावर मिळणारा मोकळेपणा सगळ्यांना सारखाच मिळतो, असं आपण धरून चालतो. आजच्या भागात मला त्यावरच बोलायचंय. त्यासाठी दीडशे वर्षं मागं जाऊ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. येरवड्याला, तेव्हाच्या शहरापासून लांब, नदीपलीकडं हे कॉलेज. पोरं तिथंच राहायची.

१८७३ मध्ये तिथं बाळ गंगाधर टिळक आले. वडील आदल्याच वर्षी वारलेले, पण मागं थोडीफार पुंजी होती. अंगकाठी किरकोळ. मग या पठ्ठ्यानं ठरवलं की पहिलं वर्ष अभ्यास बाजूला, आधी शरीर कमवायचं. कुस्ती, पोहणं, नदीत होडी वल्हवणं. शरीर झकास झालं, परीक्षेत मात्र वर्ष गेलं. पुढं त्यांनी गणित घेऊन बी.ए. पहिल्या वर्गात काढलं. आपण हा किस्सा शाळेत अगदी कौतुकानं ऐकतो, आणि तो कौतुकाचाच आहे. पण त्यात एक गोष्ट न बोलता राहून जाते. वर्ष गेलं तरी टिळकांना घरी परत जावं लागलं नाही.

आता दोन-तीन वर्षांनी त्याच कॉलेजात आलेला दुसरा पोरगा बघा. गोपाळ गणेश आगरकर. जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. पण मॅट्रिक झाला तो आपल्या वऱ्हाडातून, अकोल्यातून, १८७५ मध्ये. हे आपल्याकडच्याच कितीतरी लोकांना माहीत नसतं! घरची गरिबी अशी की शिकायला मिळावं म्हणून कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असं नातेवाइकांच्या आसऱ्यानं फिरत राहिला. मध्ये दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. अकोल्याच्या शाळेतले विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी त्याला हात दिला, म्हणून पुणं गाठता आलं.

आणि पुण्यात? सदरा एकच. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. बक्षिसाचे निबंध लिही, वर्तमानपत्रात लिही, असं करून खर्च भागवायचा. एकदा परीक्षेच्या तोंडावर पैशासाठी नाटक लिहायला घेतलं, ते केरो लक्ष्मण छत्रे या प्राध्यापकांना कळलं आणि त्यांनी पैशाची सोय करून त्याला परत पुस्तकाकडं वळवलं, असंही चरित्रांत येतं. विचार करा, आजूबाजूला कोणी विचारणारं नाही, आईबाप लांब, म्हणजे आपल्या भाषेत फुल स्वातंत्र्य. पण आगरकरांना वर्षभर आखाड्यात घालवायची मुभा नव्हती. त्यांचं एक वर्ष गेलं असतं, तर बहुतेक शिक्षणच गेलं असतं.

पुढं हेच दोघं कॉलेजच्या आवारात फिरत रात्र-रात्र वाद घालायचे, त्यातूनच न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि फर्ग्युसन कॉलेज (१८८५) अशा संस्थांची कामं उभी राहिली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आगरकरांनी शिकून झाल्यावर आईला पत्रानं कळवलं की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नका. वाचायला भारी वाटतं. मला मात्र दरवेळी ते पत्र ऐकणारी माउली आठवते. तिला कोणी विचारलं होतं का?

बरं, आगरकर अकोल्याहून पुण्याला का गेले? कारण वऱ्हाडात तेव्हा कॉलेजच नव्हतं. खामगावचा कापूस मुंबईला जावा म्हणून जलंब-खामगाव रेल्वे फाटा १८७० मध्येच सुरू झाला. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज आलं १९२३ मध्ये. कापसाची सोय आधी झाली, पोरांची ५३ वर्षांनी.

आणि कॉलेज आलं म्हणून खेड्यातलं पोर तिथं टिकेल असं थोडंच आहे? खोलीभाडं आणि दोन वेळचं जेवण कोण देणार? हा प्रश्न ज्यांना नेमका कळला ते म्हणजे पंजाबराव देशमुख. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा, फर्ग्युसनमध्ये शिकलेला, तिथून विलायतेला जाऊन डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन १९२६ मध्ये परतलेला. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या गरीब मुलांसाठी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि साताऱ्याला भाऊरावांनी वसतिगृहांचं काम आधीच दाखवून दिलेलं होतंच. छात्रालय चालायचं मुष्टिफंडावर. मुष्टिफंड म्हणजे घरच्या बाईनं स्वयंपाकाच्या धान्यातलं मूठभर बाजूला काढायचं, ते गोळा व्हायचं आणि त्यावर पोरं जेवायची. जिचं स्वतःचं पोर कदाचित कधी कॉलेजात जाणार नव्हतं, तिनंही मूठ दिली असेल. शिवाजी शिक्षण संस्था पुढं आली. तिचंच चिखलीचं कॉलेज आज आमच्या पोरांना सगळ्यात जवळचं.

जवळ आलं म्हणून प्रश्न संपला नाही, त्यानं रूप बदललं. चिखलीला जाणारे पासवर अप-डाऊन करतात. सकाळी कॉलेज, दुपारनंतर शेतात तूर-सोयाबीन. जबाबदारी पूर्ण, मोकळेपणा एसटीच्या वेळापत्रकाएवढा. मुलींचा तर त्याहून कमी, शेवटची गाडी चुकली की घरी चार प्रश्न. मी स्वतः दोन वर्षं असं अप-डाऊन केलं, मग पुण्याला कॉट बेसिसवर राहिलो. तिथं कळलं की मेसचे पैसे, भाडं आणि रिचार्ज यांचा हिशोब लावणं हाच पहिल्या सेमिस्टरचा खरा विषय असतो. रूममधल्या एकाला एटीकेटी लागली, त्यानं हसून पार्टी दिली. दुसऱ्याला लागली, त्यानं पंधरा दिवस घरी फोनच केला नाही. दोघांचे विषय तेवढेच राहिले होते.

आता कामाचं सांगतो. पंजाबरावांच्याच नावानं राज्य सरकारची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या नावानं स्वाधार योजना आहे. भत्त्याचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. उत्पन्नाचा दाखला निघायला वेळ लागतो, तेव्हा बॅग भरायच्या आधी तहसीलला चक्कर मारा. कागद गावातच राहिला तर पुण्याहून परत यायचं भाडं तुमच्याच खिशातून जाईल.

पुढच्या भागात खामगावच्या कापूस बाजाराबद्दल बोलू. भेटू.