लायसनचा रेडिओ

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. सवड असेल तेव्हा वाचा.

गेले तीन महिने टेबलावर एक व्हॉल्व्हचा मर्फी उघडून बसलोय. मर्फी म्हटलं की जाहिरातीतलं ते बाळ आठवतं. कंपनी मूळची इंग्लंडची, पण हे रेडिओ आपल्या ठाण्यात बनायचे, हे ठाण्यातल्याच नव्या पिढीला सांगावं लागतं!

आधी पेटीबद्दल. ही पेटी बेकलाइटची आहे. बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलंड यांनी अमेरिकेत 1907 च्या सुमारास हे प्लास्टिक तयार केलं. फिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि भर म्हणून लाकडाची बारीक भुकटी. साच्यात घालून उष्णता आणि दाब द्यायचा. अंडं एकदा उकडलं की पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे. वितळत नाही, त्यामुळे तडा गेला तर गरम सळी लावून जोडता येत नाही. इपॉक्सीत तपकिरी रंग कालवून आतल्या बाजूनं भरावं लागतं आणि चोवीस तास हात लावायचा नाही. उन्हानं वरचा चकचकीत थर गेला की खालची भुकटी उघडी पडते आणि पेटी भुरकट दिसते. अशा वेळी सॅंडपेपर मारणं म्हणजे उरलासुरला थरही घालवणं. पितळेचं पॉलिश अगदी हलक्या हातानं, वर मेण किंवा चक्क बुटाचं तपकिरी पॉलिश. बाजारात अशा पेट्या स्प्रे मारून ‘नव्या’ करून विकतात, ते मला पटत नाही.

डायलच्या काचेवरची अक्षरं मागच्या बाजूनं छापलेली असतात. ओलं फडकं फिरवलंत की सिलोन, दिल्ली, मुंबई सगळं फडक्यावर येतं. तिथं कोरडा ब्रश, बस्स.

पेटी नुसती शोभेची नसते, हे मात्र नीट ऐका. काही जुने सेट एसी-डीसी दोन्हींवर चालणारे असत, कारण काही ठिकाणी वीज डीसी होती. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी थेट मेन्सला जोडलेली असते. म्हणजे वीज आणि तुमचा हात यांच्यामध्ये बेकलाइट एवढंच काय ते. बटणांचे स्क्रूसुद्धा मेणानं बुजवलेले असायचे ते याचसाठी. आजोबांचा रेडिओ माळ्यावरून काढून ‘बघू चालतो का’ म्हणून प्लग लावू नका. जुने कागदी कंडेन्सर आतून गळके झालेले असतात, इलेक्ट्रोलिटिक वाळलेले. ते बदलायचे आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लावायचा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर समजायचं, आत कुठंतरी शॉर्ट आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पेटीसोबत लायसनचं पुस्तकही मिळालं. पोस्टाचे शिक्के, फीची तिकिटं. तरुण मित्रांना खोटं वाटेल, पण रेडिओला परवाना लागायचा. 1933 च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टनं विनापरवाना संच नुसता जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं. इंग्रज गेले, कायदा राहिला. घरगुती रेडिओची लायसन फी 1980 च्या दशकात गेली. कायदाच रद्द करायची तरतूद व्हायला मात्र 2023 चा दूरसंचार कायदा यावा लागला.

सरकारला रेडिओची एवढी धास्ती का, याचं उत्तर मुंबईतच आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी 27 ऑगस्टला गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, 42.34 मीटरवर. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला, 12 तारखेला पोलिसांनी पकडला. ट्रान्समीटर शोधून जप्त करता येतो. घराघरात शॉर्टवेव्हचं बटण कोण कुठं फिरवतंय, हे पोस्टाच्या पुस्तकातून कळत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरही तेच झालं, जरा मजेशीर रीतीनं. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं. आपलाच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा मोठा पुरस्कर्ता, त्याबद्दल आदरच. पण आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी त्यांच्या काळात जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा सिलोनवर नेला. अमीन सयानींचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आवाज परत आपल्या घरात. लायसनचे पैसे दिल्लीला, कान सिलोनला! शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली. एका बटणानं सरकारला धोरण बदलायला लावलं, असं मी म्हणतो. कुणी ‘फक्त बटणानं नाही’ म्हणालं तर तेही मान्य.

माझा मर्फी आता चालतो. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट, मग दिव्यामागून तो भरदार आवाज. पण ऐकायचं काय? एलईडी बल्ब आणि चार्जरची खरखर मध्यम लहरींवर भरून राहिलीय, आणि आकाशवाणीचे मध्यम लहरींचे कितीतरी ट्रान्समीटर बंद झालेत. एफएम या सेटला पकडता येत नाही. अ‍ॅपवर सगळं आहे, असं सांगतात. आहेच. फक्त मी कुठलं केंद्र किती वाजता लावलं आणि कितव्या मिनिटाला बंद केलं, याची तिथं नोंद ठेवता येते. लायसनच्या काळात सरकारला एवढंच माहीत होतं की याच्या घरी रेडिओ आहे. मध्यम लहरींची केंद्रं बंद करताना या फरकाबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आपत्तीच्या वेळी मोबाइलचे टॉवर बंद पडतात तेव्हा काय, हेही कुणी विचारायला हवं होतं.

कुणाच्या घरी रेडिओ लायसनची जुनी पुस्तकं असतील तर रद्दीत देऊ नका, फोटो काढून कमेंटमध्ये टाका. आणि ठाण्याच्या मर्फीत काम केलेलं कुणी ओळखीत असेल तर जरूर कळवा. त्यांच्याकडून ऐकायचंय.