राजवाड्यांची नाहीशी झालेली पोथी

विसरवाडीहून सुरत-धुळे रस्त्याने धुळ्यास जाणारी मंडळी पुष्कळ. तेथील राजवाडे संशोधन मंडळात डोकावणारी मात्र थोडी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच निवर्तले. गावोगाव पायपीट करून त्यांनी मिळविलेल्या कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड निघाले. पहिला १८९८ साली.

परंतु मला आज सांगावयाचे आहे ते त्यांच्या ज्ञानेश्वरीविषयी. बीडनजीक पाटांगण येथे मिळालेली पोथी त्यांनी १९०९ साली छापली. ती एकनाथांच्याही पूर्वीची, असे त्यांचे म्हणणे. पुढे मूळ पोथीच नाहीशी झाली! आता तिचे अक्षरवळण कोणते, कागद कसा, राजवाड्यांनी वाचले ते बरोबर वाचले काय, हे कोण सांगणार? छापील पुस्तक उरले, साक्षीदार गेला.

संगणकावर उतरविलेले पानाचे चित्र या साक्षीदाराची जागा बरीचशी भरून काढते; खाडाखोड, समासातील टीप, शाईचा डाग, सारे त्यात येते. तंजावरच्या सरस्वती महालात तमिळ ताडपत्रांच्या शेजारी मराठी हस्तलिखिते नांदतात. त्यांनाही हाच न्याय लागू.

तथापि चित्र घेतले की काम संपले, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे. मोडी वाचणारा नसेल तर ते चित्र मुकेच. शिवाय संगणकातील साठाही बिघडतो, त्याच्या प्रती पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. आणि श्रोतेहो, माळ्यावर रुमालात बांधलेले एखादे दप्तर सापडले, तर कागदांचा क्रम मोडू नका. कोणता कागद कोणाशेजारी होता, यावरूनच पुष्कळदा बिनतारखेच्या पत्राचा काळ ठरतो.