उपवास आणि श्रवण : मराठी ख्रिस्ती परंपरेतील प्रायश्चित्तकाळाचा आध्यात्मिक अर्थ

प्रस्तावना :

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळास मराठी ख्रिस्ती समाजात ‘उपवासकाळ’ अथवा ‘प्रायश्चित्तकाळ’ असे म्हणतात. पहिले नाव देहसंयमाकडे, तर दुसरे अंतःकरणाच्या परिवर्तनाकडे निर्देश करते. देहाचा उपवास मनाच्या पश्चात्तापापर्यंत कसा पोहोचावा, हा या व्रताचा मूळ प्रश्न होय. मराठी भूमीत सतराव्या शतकात त्याचे एक उत्तर पुराणश्रवणाच्या रूपाने मिळाले, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

व्रताचे स्वरूप :

इ.स. ३२५ च्या निकाया परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख आढळतो. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे ते स्मरण होय. पाश्चात्त्य परंपरेत राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून या काळाचा प्रारंभ होतो. ही राख मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. जयघोषाची झावळी वर्षभरात राख होते, हे या विधीचे मर्म होय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपवास या तिन्ही गोष्टी दिखाव्यावाचून कराव्यात, असा उपदेश आहे. अन्नत्याग हे येथे साध्य नसून साधन आहे.

पुराणाची मागणी :

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात नवख्रिस्ती समाजाचे जुने धर्मग्रंथ त्याच्यापासून हिरावले गेले. सण बदलले, उपवासाचे दिवस बदलले. परंतु कथाश्रवणाची भूक कायम राहिली. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचून त्यास उत्तर दिले. तो रोमन लिपीत १६१६ मध्ये प्रथम मुद्रित झाला.

या दिशेने पुढचे पाऊल फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी टाकले. ख्रिस्ताच्या दुःखसहन व मरणावरील त्यांचे मराठी पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात उपवासकाळात ते वाचण्याची प्रथा होती. पोथीचे पारायण आणि उपवास यांची सांगड मराठी मनास अपरिचित नाही. चातुर्मासातील ग्रंथवाचन आणि आपल्या जिल्ह्यातील शेगाव येथे होणारी ‘गजानन विजय’ ग्रंथाची पारायणे ही त्याची जवळची उदाहरणे होत. आशय भिन्न असला तरी ऐकण्याची रीत आपलीच होती.

भाषा आणि श्रद्धा :

१६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. पश्चात्ताप ही मनुष्याची सर्वांत आंतरिक कृती असून ती परक्या भाषेत होणे कठीण, याचा विसर त्या हुकमास पडला होता. याउलट उत्तर कोकणात १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली व पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली, तरी वाझ यांचे पुराण एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापले गेले. राजाश्रयावाचून ग्रंथ टिकतो तो श्रोत्यांमुळेच, असे यावरून म्हणता येते.

समारोप :

१९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम शिथिल केले. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हेच सार्वत्रिक सक्तीच्या उपवासाचे दिवस उरले. प्रायश्चित्ताचे कर्तव्य मात्र कायम राहिले. नियम सैल झाल्यावर व्रताचा भार स्मरणावरच येतो. कोकणातील श्रोत्यांनी हे स्मरण मराठी ओवीतून जपले होते. म्हणूनच ‘ख्रिस्तपुराणा’कडे केवळ भाषेचा नमुना म्हणून पाहणे अपुरे आहे. वाझ यांच्या पुराणासह ते व्रतकाळात ऐकल्या जाणाऱ्या ग्रंथांच्या परंपरेत ठेवून अभ्यासल्यास मराठी धर्मजीवनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण प्रकाशात येईल.