टाका कडेपासून किती दूर?

सुश्रुतसंहितेतील मुंग्यांची गोष्ट बहुतेक इतिहासप्रेमींनी ऐकलेली असते. छिद्र पडलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्या डसवायच्या, धडे तोडून डोकी तिथेच ठेवायची, मग आतडे पोटात सारून वरची जखम शिवायची. गोष्ट चित्तवेधक खरी. पण त्याहून मोलाचा मजकूर त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात, २५व्या अध्यायात आहे.

तिथे जखम शिवण्याचा सारा तपशील येतो. मांसल भागासाठी तिधारी सुई, पोटासाठी धनुष्यासारखी वाकलेली. आणि एक इशारा: टाका कडेपासून फार दूर घातल्यास जखमेच्या कडा दुखतात, फार जवळ घातल्यास त्या फाटतात. हा नियम सर्वच जखमांसाठी आहे, आणि 'फार' म्हणजे किती, हे त्यात सांगितलेले नाही.

पोटाच्या बाबतीत या मापाला जिवाचे मोल होते. भूल आणि निर्जंतुकीकरण आल्यावर १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पोट उघडणे नित्याचे होऊ लागले. त्याबरोबर, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी जखम उसवून आतडी बाहेर येण्याचा भीषण प्रसंगही वाट्याला येऊ लागला.

१९७६ साली ब्रिटिश सर्जन टी. पी. एन. जेन्किन्स यांनी त्याकडे यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहिले. उसवलेल्या जखमांत बहुधा धागा शाबूत असे, गाठही शाबूत असे. दोऱ्याने खरवस कापावा तसा धागाच ऊती कापत गेलेला असे. पोट फुगले की जखमेची लांबी ३० टक्क्यांपर्यंत वाढते. धागा मात्र तेवढाच राहतो. म्हणून त्यांनी दंडक घातला: वापरलेला धागा जखमेच्या किमान ४ पट हवा. २० सेंटिमीटरच्या जखमेला ८० सेंटिमीटर.

एवढा धागा दोन रीतींनी बसतो: मोठे टाके घालून, किंवा लहान टाके दाट घालून. टाका फाटेल या धास्तीने सर्जनांचा कल मोठ्या टाक्यांकडे, कडेपासून किमान १ सेंटिमीटर दूर जाण्याकडे होता. धास्ती सुश्रुताच्या इशाऱ्यातलीच, पण अर्धी.

स्वीडनमध्ये इस्रायल्सन आणि सहकाऱ्यांनी ही धास्ती तपासली. कडेपासून ५ ते ८ मिलिमीटरवर, केवळ पांढरा चिवट पडदा पकडणारे टाके त्यांनी घातले. मोठ्या टाक्यात चरबी आणि स्नायूही सापडतात. ते चेपले जातात, धागा सैल पडतो, कडा विलग होतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ७३७ रुग्णांमध्ये, जखमेच्या जागी हर्निया होण्याचे प्रमाण मोठ्या टाक्यांत १८ टक्के, तर लहान टाक्यांत ५.६ टक्के निघाले.

नेदरलँड्समधील ५६० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. वर्षभरानंतर हर्नियाचे प्रमाण मोठ्या टाक्यांत २१ टक्के, लहान टाक्यांत १३ टक्के. त्यासाठी टाके मात्र सरासरी २५ ऐवजी ४५ घालावे लागले, आणि पोट बंद करायला १० ऐवजी १४ मिनिटे लागली.