गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर वकिलाची सनद आपोआप जाते का?

हिंजवडी आयटी पार्कचा फेज ३ ज्या माण गावाच्या हद्दीत आहे, तिथे जमिनीचा सर्च रिपोर्ट काढायचा असो, कुलमुखत्यारपत्र करायचं असो की बिल्डरला नोटीस पाठवायची असो, वकिलाशिवाय पान हलत नाही. आयुष्यभराची कमाई आपण त्याच्या सल्ल्यावर लावतो. मग त्याच वकिलाला एखाद्या फौजदारी खटल्यात शिक्षा झाली तर? बहुतेकांना वाटतं की सनद त्याच दिवशी रद्द होते. तसं होत नाही.

भारतात वकिलांना १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट लागू आहे. १९७३ मध्ये त्यात कलम २४-अ आलं. 'नैतिक अधःपतन' म्हणता येईल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला सनद मिळत नाही, असं हे कलम सांगतं. पण ही अपात्रता कायमची नाही. सुटका होऊन दोन वर्षं झाली की ती संपते. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याखाली सोडलेल्यांना तर ती लागूच होत नाही.

हे कलम लिहिलंय ते नव्याने सनद घेणाऱ्यांसाठी. ज्याच्याकडे सनद आधीच आहे त्याला शिक्षा झाली, तर नाव आपोआप वगळा असं ते सांगत नाही. म्हणजे गेटवर कडक तपासणी आणि आत शिरलेल्याला कोणी विचारत नाही, असा प्रकार.

आत असलेल्यांसाठी कलम ३५ आहे. 'व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन' झाल्याची तक्रार आली, किंवा राज्य बार कौन्सिलला स्वतःहून तसं वाटलं, तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. यातल्या 'इतर' या शब्दात कोर्टाबाहेरचे गुन्हेही बसतात. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी निलंबन करू शकते किंवा रोलवरून नाव काढू शकते. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. राज्य समितीच्या निकालावर ६० दिवसांत तिथे अपील करता येतं आणि त्यानंतर सुप्रीम कोर्टात.

कागदावर हे नीट दिसतं. प्रत्यक्षात काय होऊ शकतं यासाठी उत्तर प्रदेशातल्या बदायूंचं प्रकरण बघा. १९७१ मध्ये तिथल्या एका वकिलाने थेट कोर्टरूममध्ये प्रतिपक्षावर चाकूने हल्ला केला. खुनाचा प्रयत्न आणि शस्त्र कायद्याखाली तो दोषी ठरला, तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. हायकोर्टाने अपील फेटाळलं. मग राज्यपालांनी शिक्षा स्थगित केल्याचं एक सरकारी पत्र सत्र न्यायालयात पोहोचलं. ते बनावट निघालं!

यावर राज्य बार कौन्सिलने सनद काढली नाही. १९८२ मध्ये दोन वर्षांची बंदी घातली आणि १९८४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीही रद्द केली. हिकमत अली खान यांच्या तक्रारीवर पुन्हा कारवाई झाली, तेव्हा तीन वर्षांची बंदी आली. शेवटी जानेवारी १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही शिक्षा अगदीच कमी असल्याचं सांगून रोलवरून नाव काढायला लावलं. हल्ल्यापासून इथपर्यंत २५ वर्षं गेली.

२०१६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एटाच्या महिपाल सिंह राणा या वकिलाच्या अवमान प्रकरणात सुप्रीम कोर्टाने या फटीवरच बोट ठेवलं. शिक्षा झालेला माणूस वकील होऊ शकत नाही, पण वकील असलेल्याला शिक्षा झाली तर तो काम करत राहतो, हे विसंगत आहे; कलम २४-अ ची बंदी त्यालाही लागू व्हायला हवी, असं कोर्टाने म्हटलं. राणा यांची सनद पाच वर्षांसाठी निलंबित केली आणि कायद्याचा फेरविचार करायला सांगितलं. विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये २६६ वा अहवाल दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने दुरुस्ती विधेयकाचा मसुदा आणला. त्यात शिक्षा झालेल्यांचं नाव रोलवरून काढण्याचा मुद्दा होता, पण संप आणि सरकारी नियंत्रणाबद्दलच्या तरतुदींवरून देशभरातले वकील रस्त्यावर उतरले आणि सरकारने मसुदा मागे घेतला. चांगल्या तरतुदीही त्याबरोबरच गेल्या.

आपल्याकडे ही कारवाई बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा करते. मार्च २०२३ मध्ये याच कौन्सिलने गुणरत्न सदावर्ते यांची सनद दोन वर्षांसाठी निलंबित करण्याचा आदेश काढला होता. तक्रार पिंपरी-चिंचवडच्या वकिलाची होती आणि मुद्दा गुन्ह्याचा नव्हता, तर आंदोलनात आणि जाहीर ठिकाणी गाऊन-बँड घालण्याचा होता. बदायूंच्या चाकूहल्ल्यालाही सुरुवातीला दोनच वर्षं मिळाली होती, हे आठवून बघा.

मग शिक्षा होताच सनद काढणारा नियम का नको? एक कारण म्हणजे गुन्ह्याचं स्वरूप. १९२२ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर लंडनच्या इनर टेंपलने गांधीजींचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं होतं. ते परत घातलं १९८८ मध्ये. दुसरं कारण, आरोप म्हणजे दोष नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हत्या प्रकरणात २०१९ मध्ये अटक झालेले वकील संजीव पुनाळेकर यांना पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ ला निर्दोष सोडलं. म्हणून 'एफआयआर झाला, सनद काढा' ही सोशल मीडियावरची मागणी कायद्यात बसत नाही. दोषी ठरल्यानंतरचा ढिलेपणा मात्र या दोन्ही कारणांनी समजावता येत नाही.

पक्षकार म्हणून तुमच्या हातात काय? वकीलपत्रावर सही करण्याआधी सनद क्रमांक विचारा. महाराष्ट्रात तो 'एमएएच/क्रमांक/वर्ष' असा असतो. तक्रार करायची तर ती मुंबईला राज्य बार कौन्सिलकडे लेखी करावी लागते. शिक्षेच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडली तर पुरावा पक्का होतो. ग्राहक मंचात जाऊन उपयोग नाही, कारण वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १४ मे २०२४ ला स्पष्ट केलंय. निलंबनाच्या काळात वकिलाला देशात कुठल्याही कोर्टात वकिली करता येत नाही. हक्क नसताना कोर्टात वकिली करणाऱ्याला कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.