मृत्तिकोपचार
मृत्तिकोपचार : नैसर्गिक माती शुद्ध करून लेप, पट्टी किंवा स्नान या रूपाने त्वचेवर योजण्याची पद्धती. शरीराची स्वच्छता, दाहशमन व त्वचेची निगा हे तिचे मुख्य हेतू होत. महाराष्ट्रात ही पद्धती प्रथम घरगुती व धार्मिक आचारांत रूढ होती. विसाव्या शतकात तिला निसर्गोपचाराच्या संस्थांत स्थान मिळाले.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकाच्या अपक्षयाने गोदावरी व प्रवरा नद्यांच्या खोऱ्यांत काळी माती (रेगूर) तयार झाली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या खनिजाचे कण अतिसूक्ष्म व पत्र्यांसारखे असून ते पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. ओल्या लेपातील पाण्याचे सावकाश बाष्पीभवन होऊन त्वचेला गारवा मिळतो, तर सूक्ष्म कणांमुळे तेलकटपणा निघून जातो. मुलतानी मातीचा गुणही प्रायः अशाच खनिजांमुळे येतो. मुलतान शहरावरून नाव पडलेल्या या मातीचे साठे राजस्थानच्या बारमेर जिल्ह्यातही आहेत. लोकरीतील चिकटा काढण्यासाठीही अशा मातीचा उपयोग पूर्वापार होत असे.

नेवासे (ता. नेवासे) येथे १९५४ पासून झालेल्या उत्खननांत अंग घासण्याच्या भाजक्या मातीच्या वज्र्या मिळाल्या असून, दख्खनमधील इतर सातवाहनकालीन स्थळीही त्या आढळतात. धर्माचारात श्रावणीच्या वेळी भस्म व गोमय यांच्याबरोबर मृत्तिकास्नान विहित आहे. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील वैद्यक ग्रंथात काळी माती दाहशामक म्हटली आहे. खेड्यांत घराच्या धाब्यासाठी पांढरी माती आणि केस धुण्यासाठी शिकेकाई-रिठ्याप्रमाणेच काळी माती वापरीत. घामोळ्यांवर मुलतानी मातीचा लेप देण्याची चाल अजूनही आहे.

आधुनिक मृत्तिकोपचाराचा प्रवर्तक आडोल्फ यूस्ट (१८५९–१९३६) हा जर्मन निसर्गोपचारक होय. त्याचा ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींच्या वाचनात आला व त्यांनी स्वतःवर आणि कुटुंबीयांवर मातीच्या पट्ट्यांचे प्रयोग केले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी मातीची निवडही सांगितली : ती खत घातलेल्या जमिनीतील नसावी, चाळून घ्यावी आणि शंका असल्यास भाजून घ्यावी. मार्च १९४६ मध्ये उरुळीकांचन (जि. पुणे) येथे त्यांनी खेडुतांवर निसर्गोपचार सुरू केले. तेथील आश्रमाची धुरा पुढे मणिभाई देसाई (१९२०–९३) यांनी वाहिली. ज्याला औषध विकत घेणे परवडत नाही, त्याला स्वतःच्या गावात मिळणाऱ्या द्रव्यांनी बरे वाटावे, ही त्यामागील भूमिका होती. पुण्यात गांधीजी राहत असत त्या डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राच्या जागी १९८६ मध्ये राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था स्थापन झाली.

गरिबाचे औषध म्हणून मातीचा पुरस्कार झाला, तरी तिचे धोकेही गरिबालाच अधिक भोवले. मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजुके असतात. म्हणून उघड्या जखमेवर किंवा नवजात अर्भकाच्या नाळेवर माती लावणे प्राणघातक ठरू शकते. गांधीजींनी मुलाच्या जखमेवर मातीची पट्टी बांधून ती बरी केल्याचे आत्मकथेत नमूद केले आहे; तथापि तो प्रयोग अनुकरणीय नव्हे. लसीकरण व सुरक्षित प्रसूती यांमुळे माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. माती खाण्याची सवयही घातक असून, चरकसंहितेत तिच्यापासून होणारा पांडुरोग स्वतंत्रपणे वर्णिला आहे.

माती शरीरातील विषद्रव्ये खेचून घेते, हा दावा सिद्ध झालेला नाही. गारवा देणे व तेलकटपणा काढणे एवढेच तिचे कार्य सर्वसाधारणपणे मान्य आहे. कोरड्या त्वचेस ती अधिक कोरडी करते. ऊसपट्ट्यातील शेताचा वरचा थर खते व कीटकनाशके यांमुळे लेपास अयोग्य ठरतो. यासाठी माती लागवडीबाहेरच्या जागेतून, काही फूट खोलीवरून काढून, उन्हात वाळवून व चाळून घेतात. घरोघरीची ही जुनी चाल निर्धोक राहण्यासाठी मातीच्या गुणांइतकेच तिच्या शुद्धतेचे व मर्यादांचे भान आवश्यक आहे.