उघडे राहिलेले एकमेव बंदर : शांघाय, १९३८ ते १९४५

१/ परदेशात नोकरी नाही, जामीन राहणारा नातेवाईक नाही, हाती पैसा नाही. अशा कुटुंबाला प्रवेश कोण देणार? आणि मुलांनी शिकायचे कोठे? १९३८ साली व्हिएन्ना व बर्लिनमधील हजारो ज्यू कुटुंबांपुढे हे दोन प्रश्न उभे होते. त्यांचे उत्तर युरोपात नव्हे, तर चीनच्या किनाऱ्यावर सापडले.

२/ मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केले. जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद भरली. सहानुभूतीची भाषणे झाली, पण बहुतेकांनी आपली दारे बंदच ठेवली. कोणी नोकरीचा करार मागे, कोणी जामीनदार, तर कोणी रोख रक्कम. इकडे जर्मनी देश सोडणाऱ्यास अवघे १० मार्क बरोबर नेऊ देई.

३/ नोव्हेंबर १९३८ च्या देशव्यापी हिंसाचारानंतर सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. १५ नोव्हेंबरला जर्मन शाळांतून ज्यू मुलांना काढून टाकण्यात आले. वडील छावणीत आणि मुले शाळेबाहेर, अशी अनेक घरांची स्थिती झाली. लवकरच देश सोडणार असल्याचा पुरावा दाखवल्यास कैद्याची सुटका होऊ शकत असे.

४/ याच वेळी शांघायमध्ये एक विलक्षण परिस्थिती होती. १९३७ मध्ये जपानने शहराचा चिनी भाग जिंकला आणि चिनी सरकारची पारपत्र तपासणी बंद पडली. आंतरराष्ट्रीय वसाहतीचा कारभार परकीयांच्या नगरपालिकेकडे होता. त्यामुळे बंदरावर उतरणाऱ्याला व्हिसा विचारणारे कोणी उरलेच नव्हते.

५/ तरीही व्हिएन्नातील चिनी महावाणिज्यदूत हो फेंगशान यांनी शांघायचे हजारो व्हिसा दिले. का? तो कागद शांघायला पोहोचण्यासाठी नव्हे, तर ऑस्ट्रियातून सुटण्यासाठी हवा होता. त्याच्या आधारे निर्गमनाची परवानगी मिळे, वाटेतील देशांतून जाता येई, आणि कैद्यांची सुटकाही होई. २००० साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने हो यांचा मरणोत्तर गौरव केला.

६/ प्रवास इटालियन जहाजांचा : ‘कोंते व्हेर्दे’, ‘कोंते रोस्सो’, ‘कोंते बियांकामानो’. इटलीतून निघून सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग आणि अखेर शांघाय. मुंबईचा धक्का या कुटुंबांच्या वाटेवरचा केवळ एक थांबा होता. १९४१ पर्यंत शांघायमधील या निर्वासितांची संख्या १७ ते २० हजारांच्या घरात गेली.

७/ वास्तव्य होंगकोऊ भागात, जेथे युद्धात पडझड झालेली स्वस्त घरे होती. ज्यांना तेही परवडत नसे ते सामुदायिक निवासांत राहत. तेथे एकेका दालनात अनेकांची सोय आणि सार्वजनिक स्वयंपाकघरातील जेवण. वकील, डॉक्टर, वादक असलेली माणसे घरातील चीजवस्तू विकून दिवस काढू लागली.

८/ उघडे दारही फार काळ उघडे राहिले नाही. ऑगस्ट १९३९ पासून प्रवेशावर बंधने आली. पुढे नियम ठरला : शांघायमध्ये नोकरीचा करार किंवा जवळचा नातेवाईक नसल्यास प्रौढामागे ४०० आणि लहान मुलामागे १०० अमेरिकन डॉलर दाखवावे लागत. खिशात १० मार्क घेऊन निघणाऱ्याला ही रक्कम म्हणजे नकारच होता.

९/ शाळेचा प्रश्न सुटला तो बगदादी ज्यू व्यापाऱ्यांमुळे. या घराण्यांचे मूळ मुंबईशी जोडलेले आहे. डेव्हिड सॅसून १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. त्यांच्या घराण्याच्या पेढीत नोकरी धरून एली कदूरी हे मुंबईमार्गे पूर्वेकडे गेले. त्यांचे पुत्र होरेस कदूरी यांनी १९३९ मध्ये शांघायमध्ये निर्वासित मुलांसाठी शाळा उभारली.

१०/ या शाळेचे माध्यम जर्मन नव्हते, चिनीही नव्हते, तर इंग्रजी होते. त्यामागील विचार स्पष्ट दिसतो. शांघाय हा शेवटचा मुक्काम नाही, हे सर्वांना ठाऊक होते. पुढचा देश कोणता, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून कोठेही उपयोगी पडेल अशी भाषा मुलांच्या हाती देण्यात आली. शिकवणाऱ्यांत निर्वासित शिक्षकही होते. मोठ्या मुलांसाठी ओआरटी या संस्थेने सुतारकाम, शिवणकाम यांसारखे व्यवसायशिक्षण सुरू केले.

११/ नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने परदेशस्थ ज्यूंचे नागरिकत्व रद्द केले. डिसेंबरमध्ये जपानने आंतरराष्ट्रीय वसाहत ताब्यात घेतली. १८ फेब्रुवारी १९४३ च्या जाहीरनाम्याने या ‘राष्ट्रहीन’ निर्वासितांना होंगकोऊतील जेमतेम अडीच चौरस किलोमीटर क्षेत्रात राहणे सक्तीचे झाले. बाहेर पडण्यासाठी परवाना लागे. उपासमार आणि रोगराईने अनेकांचा बळी घेतला. शाळा मात्र चालू राहिली.

१२/ युद्धानंतर ही कुटुंबे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इस्रायल येथे विखुरली. १३ वर्षांचा असताना बर्लिनहून शांघायला आलेला मायकेल ब्लुमेंथाल १९७७ मध्ये अमेरिकेचा अर्थमंत्री झाला. युरोपात मागे राहिलेल्या आप्तांपैकी बहुसंख्य मारले गेले. दोहोंमधील अंतर पुष्कळदा गुणवत्तेचे नव्हते, नशिबाचेही पूर्णपणे नव्हते. एका वाणिज्यदूताची स्वाक्षरी आणि तपासणी नसलेले एक बंदर, एवढेच ते होते.